९९९ च्या आधीचे शून्य

पायथन या संगणकाच्या भाषेत प्रोग्रामिंग शिकायला लागल्यावर पहिले दोन महिने मी पाठांमागून पाठ वाचत गेले. व्हेरिएबल म्हणजे काय, लूप कसे लिहावे, अट कशी घालावी, फंक्शन कशासाठी असते, हे कोणी विचारले असते तर मी नीट सांगू शकले असते. पाठांमधली उदाहरणे टाइप करून चालवूनही पाहिली होती. मात्र रिकामी फाइल उघडून स्वतःहून एखादा प्रश्न सोडवायला बसले की पहिली ओळ कोणती लिहावी तेच सुचत नसे. व्याकरण येते पण बोलता येत नाही, अशी ती अवस्था होती. माझी भाची हेच काम व्यवसाय म्हणून करते. तिने माझी वही चाळली आणि म्हणाली, “मावशी, तू दुसऱ्यांनी सोडवलेली उत्तरं वाचते आहेस. आता एकच प्रश्न घे आणि तो संपेपर्यंत सोडू नकोस. आणि पायथनमध्ये तयार मिळणारी फंक्शन्स शक्यतो वापरू नकोस, कितीही वेळ लागू दे.”

मी निवडलेला प्रश्न गणिती द. रा. कापरेकर यांचा होता. शाळेत शिक्षक असलेल्या कापरेकरांना १९४९ साली आढळले की, ज्यातले चारही अंक सारखे नाहीत अशी कोणतीही चार अंकी संख्या घेतली, तिचे अंक उतरत्या क्रमाने मांडून एक संख्या आणि चढत्या क्रमाने मांडून दुसरी संख्या केली, पहिलीतून दुसरी वजा केली आणि आलेल्या वजाबाकीवर हीच कृती पुन्हा पुन्हा करत राहिले, तर शेवटी ६१७४ ही संख्या येते आणि मग ती हटत नाही. उदाहरणार्थ ३५२४ घेतली तर ५४३२ मधून २३४५ वजा करून ३०८७ येतात, पुढे ८७३० मधून ०३७८ गेले की ८३५२ येतात आणि त्यानंतर ८५३२ मधून २३५८ वजा केले की ६१७४. जास्तीत जास्त सात पायऱ्या लागतात. मला हे फार वर्षांपासून माहीत होते, पण खरे करून पाहिले होते ते चार-दोन संख्यांपुरतेच. सगळ्या चार अंकी संख्या संगणकाकडून तपासून घ्यायच्या, असे मी ठरवले.

भाचीने पहिल्या दिवशी संगणक उघडूच दिला नाही. कागदावर तीन संख्या सोडव आणि जे करतेस ते ओळीओळीने लिही, असे तिने सांगितले. मी लिहिले: अंक उतरत्या क्रमाने लाव, चढत्या क्रमाने लाव, वजाबाकी कर, ६१७४ आले नाहीत तर पुन्हा कर. मला वाटले, प्रोग्राम जवळजवळ झालाच. तिने पहिल्या ओळीवर बोट ठेवून विचारले, “उतरत्या क्रमाने लाव म्हणजे नेमकं काय कर?” मी ३५२४ कडे पाहिले आणि ५४३२ लिहून दाखवले. “ते दिसलं मला. पण केलंस काय?” या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. चार अंक डोळ्यांसमोर येताच त्यांचा क्रम लागलेला असतो. मधले काही मला जाणवतच नाही. त्या संध्याकाळी मी दहा अंक दहा चिठ्ठ्यांवर लिहून पालथे घातले आणि एका वेळी दोनच चिठ्ठ्या उलटून पाहायच्या असा नियम स्वतःला घालून घेतला. तेव्हा कुठे क्रम लावणे ही कृती मला पहिल्यांदा दिसली: दोन अंकांची तुलना करायची, मागचा मोठा असेल तर अदलाबदल करायची आणि हे किती वेळा करायचे याचा हिशेब ठेवायचा. प्रोग्रामिंगमधला सर्वांत अवघड भाग मला हाच वाटतो. आपण ज्या गोष्टी विचार न करता करतो त्या पकडणे अवघड असते. त्यापुढे भाषेचे नियम तसे लवकर अंगवळणी पडतात.

प्रत्यक्ष लिहायला बसल्यावर पहिला अडथळा अगदी दारातच आला. संख्या वापरणाऱ्याकडून घेण्यासाठी मी इनपुट वापरले आणि तिचा शेवटचा अंक मिळवण्यासाठी तिला १० ने भागून बाकी काढली. बाकीसाठी पायथनमध्ये टक्क्याचे चिन्ह वापरतात. ओळ चालवताच टाइपएरर आला आणि त्यासोबतच्या संदेशात मजकुराच्या मांडणीत सगळी मूल्ये वापरली गेली नाहीत, अशा अर्थाचे काहीतरी होते. मी बाकी विचारत होते आणि संगणक मजकुराच्या मांडणीबद्दल बोलत होता. अर्धा तास मी भागाकाराच्या ओळीत चूक शोधत राहिले, पण चूक तिच्या आधीच्या ओळीत होती. इनपुटमधून जे मिळते तो नेहमी मजकूर असतो. ३५२४ ही माझ्या दृष्टीने संख्या असली तरी संगणकाच्या दृष्टीने ती चार अक्षरे होती. टक्क्याचे चिन्ह मजकुरासोबत आले तर पायथन त्याचा वेगळा अर्थ लावतो आणि मजकुरात मूल्ये भरायला जातो, म्हणून तो संदेश तसा होता. इंट लावून मजकुराची संख्या केली आणि गाडी पुढे सरकली. प्रत्येक मूल्याला प्रकार असतो, हे वाक्य मी पाठात तीनदा तरी वाचले होते.

अंक सुटे करण्याची रीत मला मनापासून आवडली. ३५२४ ला १० ने भागल्यावर बाकी ४ उरते, तो शेवटचा अंक. भागाकाराचा पूर्णांक भाग ३५२ येतो, ती उरलेली संख्या. तिच्यावर तेच केले की २ आणि ३५, मग ५ आणि ३, मग ३ आणि ०. संख्या शून्याहून मोठी आहे तोवर हे करत राहा, असे व्हाइल लूप मी लिहिले आणि लिस्टमध्ये, म्हणजे मूल्यांच्या यादीत, ४, २, ५, ३ असे अंक जमा झाले. अंक किती आहेत हे सांगावेच लागत नाही, संख्या संपली की लूप आपोआप थांबते, याचे मला त्या दिवशी फार कौतुक वाटले होते.

मग क्रम लावायचा होता. लिस्टमधल्या पहिल्या जागेची तुलना तिच्या मागच्या सगळ्या जागांशी करायची, मागे मोठा अंक सापडला की अदलाबदल करायची, मग दुसऱ्या जागेसाठी तेच, मग तिसऱ्या. चार अंकांसाठी तीन, दोन आणि एक अशा सहा तुलना होतात. एका लूपच्या पोटात दुसरे लूप घालण्याची गरज मला इथे पहिल्यांदा खरोखर कळली. उत्तर मात्र ५, ५, ५, ३ असे आले. ४ आणि २ नाहीसे झाले होते आणि ५ तीनदा आला होता. भाचीला विचारण्याआधी मी कागदावर चार चौकोन आखले आणि प्रत्येक ओळ स्वतः संगणक असल्यासारखी पाळली. पहिल्या चौकोनात ४ होता, तिसऱ्यात ५. माझी पहिली ओळ म्हणत होती, पहिल्या जागी तिसऱ्या जागेचे मूल्य ठेव. मी ४ खोडून ५ लिहिला. दुसरी ओळ म्हणत होती, तिसऱ्या जागी पहिल्या जागेचे मूल्य ठेव. पण पहिल्या जागी आता ५ होता आणि ४ तर मी स्वतःच्या हाताने खोडला होता. अदलाबदल करण्याआधी पहिले मूल्य तिसऱ्याच एखाद्या व्हेरिएबलमध्ये बाजूला ठेवायला हवे होते. पायथनमध्ये हे एका ओळीतही करता येते, हे मला नंतर समजले, पण तो ४ कुठे गेला हे पाहिल्यावाचून त्या एका ओळीचे मोल मला कळले नसते.

याच चुकीमुळे बरोबरीच्या चिन्हाबद्दलची माझी जुनी अडचण सुटली. हे चिन्ह रॉबर्ट रेकॉर्ड याने १५५७ साली दोन बाजू समान आहेत हे दाखवण्यासाठी वापरले आणि शाळेपासून आपण ते त्याच अर्थाने वाचत आलो. त्यामुळे क्ष बरोबर क्ष अधिक १ अशी ओळ दिसली की माझे मन अडखळायचे, कारण कोणतीही संख्या स्वतःहून एकने मोठी कशी असेल? प्रोग्राममध्ये मात्र हे चिन्ह विधान करत नाही, ते काम सांगते: उजवीकडचा हिशेब आधी कर आणि आलेले मूल्य डावीकडच्या नावाखाली ठेव. आधीचे जे होते ते गेले. समान आहे का, हे विचारायचे असेल तर तेच चिन्ह दोनदा लिहावे लागते.

सुट्या अंकांची पुन्हा संख्या करणे सोपे गेले. शून्यापासून सुरुवात करायची आणि प्रत्येक अंकासाठी आधीच्या संख्येला १० ने गुणून तो अंक मिळवायचा: ५, ५४, ५४३, ५४३२. चढत्या क्रमासाठी तीच लिस्ट उलट दिशेने वाचायची. मग वजाबाकी, आणि हे सगळे ६१७४ येईपर्यंत फिरणाऱ्या लूपमध्ये. पायऱ्या मोजणारी ओळ मी सुरुवातीला लूपच्या बाहेर लिहिली होती, त्यामुळे प्रत्येक संख्येला एकच पायरी लागते असे उत्तर येई. पायथनमध्ये ओळीच्या आधी सोडलेली जागाच ती ओळ लूपच्या आत आहे की बाहेर हे ठरवते. ते दुरुस्त केल्यावर ३५२४ साठी तीन पायऱ्या आल्या. मी उत्साहाने आणखी काही संख्या दिल्या, सगळ्या बरोबर आल्या. मग सहज ११११ दिली आणि पडदा स्तब्ध झाला. मी भाचीला फोन करून संगणक अडकला असे सांगितले, तर ती म्हणाली, “अडकला नाही गं मावशी, तू सांगितलंस तेच तो करतोय. वजाबाकी शून्य, पुन्हा शून्य, पुन्हा शून्य. ६१७४ यायची वाट बघतोय.” कंट्रोल आणि सी ही बटणे एकत्र दाबून मी तो थांबवला. चारही अंक सारखे नकोत ही अट मला तोंडपाठ होती, पण ती प्रोग्रामला सांगायची राहिली होती. शून्य आले की थांब आणि ही संख्या पोहोचत नाही असे नोंदव, एवढी भर मी घातली.

आता सगळ्या चार अंकी संख्या तपासायच्या होत्या. भाचीने एकच सूचना दिली: चालवण्याआधी उत्तर किती यायला हवे ते कागदावर लिहून ठेव. न पोहोचणाऱ्या संख्या ११११ पासून ९९९९ पर्यंतच्या, म्हणजे ९ असायला हव्या होत्या. मी ९ लिहिले, आतापर्यंतची रीत एका फंक्शनमध्ये बसवली, १००० ते ९९९९ अशी रेंज दिली आणि प्रोग्राम चालवला. क्षणात उत्तर आले: न पोहोचणाऱ्या संख्या ७६.

ते उत्तर पाहून मला वाटलेली अस्वस्थता अजून आठवते. प्रोग्राम कुठेही थांबला नव्हता, एकही एरर आला नव्हता. कागदावरचे ९ नसते तर ७६ हा आकडा मी विश्वासाने वहीत उतरवला असता. कापरेकर चुकले असतील असा विचार मनात येऊन गेला हे मी नाकारत नाही, पण तो फार टिकला नाही. न पोहोचणाऱ्या सगळ्या संख्या मी छापून घेतल्या. यादी अशी सुरू होत होती: १०००, १०११, ११०१, १११०, ११११, १११२, ११२१, १२११, १२२२. तीन अंक सारखे आणि चौथ्यात एकाचाच फरक, हा साचा लगेच दिसला, पण कारण दिसेना. मग मी त्याच यादीतली २१११ घेतली आणि ती हाताने सोडवली. २१११ मधून १११२ गेले, ९९९. मग ९९९० मधून ०९९९, ८९९१. पुढे ८०८२, ८५३२ आणि ६१७४. हाताने पाच पायऱ्यांत पोहोचले. मग प्रोग्रामला प्रत्येक पायरीवरची संख्या छापायला लावली, तर तो २१११ वरून ९९९ वर आणि तिथून थेट शून्यावर गेला.

दोन्ही कागद शेजारी ठेवून मी बराच वेळ पाहत राहिले. ९९९ पर्यंत दोघांचे एकमत होते. पुढच्या ओळीत मी ९९९० लिहिले होते आणि प्रोग्रामने ९९९. ते शून्य मी कुठून आणले? कोणीही मला ते लिहायला सांगितले नव्हते आणि लिहिल्याचे मला जाणवलेही नव्हते. आपण चार अंकी संख्यांचे काम करतो आहोत हे मनात धरून माझ्या हाताने ९९९ च्या आधी शून्य मानले होते. प्रोग्रामला मात्र ९९९ ही तीन अंकी संख्या होती, आणि संख्या संपली की थांबणारे जे लूप मला इतके आवडले होते, त्याने तीन अंक काढून काम संपवले होते. ९९९ मधून ९९९ गेले, शून्य उरले, आणि ११११ साठी घातलेल्या माझ्याच अटीने ते शून्य पाहून त्या संख्येवर पोहोचत नाही असा शिक्का मारला. ती अट नसती तर प्रोग्राम १००० वरच फिरत राहिला असता आणि दोष पहिल्याच संख्येला उघडा पडला असता. एका चुकीवरच्या इलाजाने दुसरी चूक झाकली होती. अशा ६८ संख्या होत्या. दुरुस्ती अगदी लहान होती: संख्या शून्याहून मोठी आहे तोवर, याऐवजी बरोबर चार वेळा. चौथ्या वेळी शून्याला १० ने भागून शून्यच बाकी येते, आणि हवे ते शून्य लिस्टमध्ये जाऊन बसते.

पुन्हा चालवले. ७६ मधून ६८ गेले आणि उत्तर आले ८.

या वेळी मी घाबरले नाही. यादी छापली, तर ११११ पासून ८८८८ पर्यंत सगळ्या होत्या आणि ९९९९ नव्हती. पायथनमधली रेंज शेवटच्या संख्येच्या आधी थांबते. १००० ते ९९९९ असे लिहिले तर ९९९८ पर्यंतच जाते. हेही मी वाचलेले होते. दुसऱ्या टोकाला १०००० लिहिले आणि वहीतल्या आकड्याशी उत्तर जुळले: ९००० संख्यांपैकी ८९९१ पोहोचतात, ९ पोहोचत नाहीत, आणि सर्वांत लांब वाट सात पायऱ्यांची. ही एकाची चूक कायम राहिली असती तरी पोहोचणाऱ्या संख्यांचा आकडा ८९९१ असाच दिसला असता, कारण गळलेली संख्या न पोहोचणाऱ्यांपैकी होती. त्यामुळे मी आता एका उत्तरावर विसंबत नाही. पोहोचलेल्या, न पोहोचलेल्या आणि एकूण असे तीन आकडे काढून त्यांची बेरीज जुळते का ते पाहते.

काम इथे संपले असते, पण चार हा आकडा प्रोग्राममध्ये जागोजागी मी हाताने लिहिलेला होता आणि तो मला खुपत होता. अंकांची संख्या फंक्शनला बाहेरून देता आली, तर तीन अंकी, पाच अंकी संख्यांचेही पाहता येईल. तसे करताना लक्षात आले की, ६१७४ आले की थांब ही अटही आता चालणार नाही, कारण तीन अंकांसाठी कुठे थांबायचे हे मला माहीतच नव्हते. अट बदलून मी असे लिहिले की नवी वजाबाकी आधीच्या संख्येएवढीच आली की थांब. ही अट आधीच्या दोन्ही अटींपेक्षा मला चांगली वाटते, कारण ६१७४ लाही ती लागू पडते आणि शून्यालाही, त्यामुळे ११११ साठी वेगळी ओळ लागली नाही. तीन अंकी संख्या ४९५ वर येऊन थांबल्या. २११ ला ९९, ८९१, ७९२, ६९३, ५९४, ४९५ अशा सहा पायऱ्या लागल्या, आणि त्यातल्या ९९ च्या आधीचे शून्य या वेळी नीट धरले गेले.

मग दोन अंक दिले आणि प्रोग्राम थांबेना. मी फोन उचलला नाही. बटणे दाबून तो बंद केला, कागद घेतला आणि २१ पासून सुरुवात केली: ०९, ८१, ६३, २७, ४५ आणि पुन्हा ०९. इथे कोणतीच संख्या स्वतःवर स्थिर होत नाही. पाच संख्या एकमेकींच्या मागे गोल फिरतात, म्हणून आधीच्या संख्येशी तुलना करून भागणार नव्हते. आतापर्यंत आलेली प्रत्येक संख्या लक्षात ठेवावी लागणार होती. मी एक रिकामी लिस्ट केली, प्रत्येक नवी संख्या तिच्यात आहे का ते तपासले, नसेल तर तिच्यात टाकली आणि असेल तर थांबले. प्रोग्राम लगेच संपला आणि कागदावरच्याच पाच संख्या त्याने छापल्या. त्याच रात्री पाच अंक देऊन पाहिले. तिथेही एकच एक अंतिम संख्या नाही, वेगवेगळी वर्तुळे आहेत, आणि त्यांपैकी सर्वांत लहान वर्तुळात दोनच संख्या आहेत: ५३९५५ वरून ५९९९४ येतात आणि ५९९९४ वरून पुन्हा ५३९५५. ती वजाबाकी मी हातचे घेत कागदावर करून पाहिली. दोन्ही वेळा जुळली.